खिडकीतलं 'तुम्ही'

सिस्टर, तुम्हाला इंग्रजीत लिहावं असं आधी वाटलं होतं. पण इंग्रजीत लहानाला, मोठ्याला, एकट्याला, घोळक्याला, सगळ्यांना एकच 'यू'. तुम्ही इंग्रजीतच राहिला असतात तर माझं तुमच्याशी भांडण झालंच नसतं. भांडण मराठीतलं आहे, म्हणून पत्र मराठीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कबरीवरच्या अक्षरांना मध्ये नव्याने रंग द्यावा लागला. माझ्या रागाला तशी गरज पडली नाही.

मागच्या आठवड्यात कॉलेजातून फोन आला. जिथे प्रवेशाच्या टेबलावर बसून मी केस पांढरे केले, त्याच कॉलेजातून. नव्या प्रवेश विभागातल्या मुलामुलींसमोर दोन शब्द बोला म्हणाले. गेले. आता खिडकी नाही. काचेची खोली आहे, गार हवा आहे, कानाला यंत्रं लावलेली पोरं आहेत आणि येणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यार्थी म्हणायची पद्धत नाही. तो आता 'लीड', गळाला लागू शकणारं गिऱ्हाईक. म्हणजे पारनेरहून एस.टी.ने पहाटे निघून आलेली, डोक्याला तेल लावून दोन वेण्या घातलेली पोरगी ही लीड. एका मुलाने मला फार नम्रपणे विचारलं, "मॅम, तुमच्या वेळेस कम्युनिकेशन स्किल्स वगैरे होतं का?" मी म्हटलं, नव्हतं बाळा, आम्ही खिडकीतून एकमेकांवर भुंकायचो. तो हसला. बाकीचे हसावं की नाही या विचारात राहिले. मग त्यांनी मला त्यांचा छापील कागद दाखवला, बोलताना काय बोलायचं ते लिहिलेला. पहिलीच ओळ अशी की समोर कोणीही असो, त्याला 'तुम्ही' म्हणा. माझे दोन शब्द तिथेच संपले. चहा घेतला, घरी आले, आणि तेव्हापासून भाजी चिरताना, दार लावताना, आंघोळीला पाणी काढताना मी तुमच्याशी भांडते आहे. शेवटी म्हटलं लिहून टाकावं.

आधी आपल्या दोघींतला जुना हिशेब. मी शिशुवर्गात होते. मधल्या सुट्टीत घसरगुंडीच्या कडेला आपटले आणि गुडघा फुटला. तुम्ही मला उचलून कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात नेलंत, ओट्यावर बसवलंत, कारण औषधाची पेटी तिथे असायची. त्या स्वयंपाकघराचा वास मला आत्ताही येतो, कॉफीचा आणि शिळ्या पावाचा. तुम्ही जखम पुसताय आणि मी रडतेय. वर्गात इंग्रजी आणि वर्गाबाहेर मराठी हा तुमचा नियम होता. दक्षिणेतून आलेल्या होतात, मराठी पुस्तकातून शिकला होतात आणि ती सुधारायची तुम्हाला फार हौस होती. मी हुंदके देत म्हटलं, "सिस्टर, मला घरी ने ना तू." आमच्या घरी आईला तू म्हणत, आजीला तू म्हणत. जे कोणी आपल्याला कडेवर घेतं त्याला तू म्हणायचं असतं, एवढंच माझं व्याकरण. तुमचा हात थांबला नाही, आयोडिन लावणं चालूच होतं, पण तुम्ही म्हणालात, "तुम्ही. मला घरी न्या, असे म्हणावे." मी रडत रडत ते वाक्य पुन्हा म्हटलं. मग तुम्ही मला घरी सोडलंत, स्वतः चालत, माझं दप्तर तुमच्या खांद्यावर. त्या दिवसानंतर मी तुम्हाला कधी तू म्हटलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं की मोठं होणं म्हणतात ते हेच.

आता नव्वद सालानंतरची गोष्ट. तुम्ही मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाला होतात आणि कॉन्व्हेंटच्या मागच्या खोलीत राहत होतात. मी कॉलेजात वरिष्ठ लिपिक, अकरावीचे प्रवेश माझ्याकडे. त्या काळातली आमची खिडकी तुम्हाला आठवत असेल. लोखंडी जाळी, खाली हात जाईल एवढी फट, बाहेर उन्हात रांग. आणि आतून आवाज. "ए, मागं सर. काय नाव? मोठ्यानं बोल, जेवली नाहीस का?" पोरं नगरची असली तर उलट बोलायची. पाथर्डी-शेवगावकडची असली तर मान खाली घालून फटीतून कागद सरकवायची आणि त्यातला एक कागद कमी निघाला की काही न विचारता निघून जायची. कोणी घरी जाऊन रडत असेल, कोणी शिकणंच सोडत असेल, खिडकीला त्याचं काय. प्राचार्यांना मीच सांगितलं की आपल्या माणसांना बोलायला शिकवलं पाहिजे. त्यांच्या दोन्ही मुली तुमच्या हाताखाली शिकलेल्या, तुमचा शब्द त्यांना देवाचा. त्यांनी तुम्हालाच बोलावलं. ते मला आवडलं होतं, हेही लिहून ठेवते.

ग्रंथालयात दुपारी तुम्ही आम्हाला शिकवायला उभ्या राहिलात. पांढरा झगा, हातात खडू, समोर आम्ही टेबलावरची माणसं, काही जणांच्या तोंडात तंबाखू. तुम्ही एकेकाला उठवून विद्यार्थी केलंत आणि एकेकाला कारकून. आमचा खिडकीवरचा कारकून, तरुण पोरगा, आवाज असा की माळीवाड्याच्या स्टँडवर कंडक्टर शोभला असता, त्याला तुम्ही विद्यार्थी केलंत आणि त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोललात. "ए, मागं सर. जेवला नाहीस का?" तुमच्या तोंडून ते ऐकून सगळे हसले, आणि तो लाल झाला. मग तुम्ही नियम दिलात. खिडकी उघडण्याआधी स्वतःचं तोंड पाहायचं. त्यासाठी तुम्ही एक छोटा आरसा आणला होतात, तो खिडकीच्या आतल्या बाजूला खिळ्यावर लागला. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत आपण बोलायचं नाही. काय कमी आहे ते एकदाच आणि पूर्ण सांगायचं. आणि कोणालाही तू म्हणायचं नाही, पोर असो की बाप, शेतकरी असो की कारखान्याचा संचालक. सगळे 'तुम्ही'. त्या शेवटच्या नियमावर कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "सिस्टर, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला तुम्ही म्हटलं तर ते मागं वळून बघंल, कोण आलंय म्हणून." पुन्हा सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मग त्याला मागे वळून पाहू द्यावे. एक दिवस तो वळणार नाही." मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला होता.

त्या मंगळवाराकडे येते. पहिली यादी लागली होती. शास्त्र शाखेच्या जागा मोजक्या, यादीत नाव असलेल्यांनी दिलेल्या वेळेत यायचं, न आल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. खिडकी बंद व्हायच्या वेळेला एक मुलगी आली. पाथर्डीच्या पलीकडच्या एका वाडीवरची, शाळेचाच निळा-पांढरा ड्रेस घातलेली, कारण दुसरा चांगला नसावा. मी आत टेबलावर होते, मला तिचं अर्धं तोंड जाळीतून दिसत होतं. कागद सगळे बरोबर. मार्क चांगले. शास्त्र का घ्यायचं, असं कारकुनाने सहज विचारलं, तुमच्या शिकवणीप्रमाणे आपुलकी म्हणून. ती म्हणाली, "माजा बा इहिरी खांदतो. लोक म्हंत्यात हितं खांद, तितं खांद, आन पानी लागत न्हाई. पानी कुटं लागंल ते आदी समजायला नगं का?" मी मान वर केली. भूगर्भशास्त्र हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण तिला हवं ते तेच होतं. कारकुनाने विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आलंय?" ती म्हणाली, कोनी न्हाई, बा सोनईला कामावर हाय. रोखपाल उठून गेला होता, त्यामुळे त्या दिवशी प्रवेश पुरा होणार नव्हता. कारकुनाने आरशात पाहिलं, मी स्वतः पाहिलं त्याला पाहताना, आणि गोड आवाजात म्हणाला, "काही काळजी करू नका. तुम्ही उद्या अकराच्या आत या. तुमचं काम होऊन जाईल." ती "बरं" म्हणाली आणि गेली. आम्हाला वाटलं, किती छान बोलला.

बुधवारी अकरा वाजले, बारा वाजले. तिचं नाव तीनदा पुकारलं. जागा नियमाप्रमाणे पुढच्या मुलाला गेली, त्याचे वडील पावती घेऊन पेढे वाटूनही गेले. दुपारी खिडकी बंद करताना ती आली, आणि तिच्याबरोबर तिचा बाप. पायाला वाळलेला मुरूम, खांद्यावर टॉवेल. त्याने जाळीसमोर हात जोडले. "जय भीम बाई. तुमी बलिवलं, आमी दोगं बी आलो." मी विचारलं, तुम्हाला कोणी बोलावलं? पोरीने कारकुनाकडे बोट केलं. "ह्या सरांनी. तुमी या म्हन्ले. तवा मी रातच्या गाडीनं घरी गेले. सकाळी सोनईला, बाला बोलवाया. इहिरीच्या कामावरनं उटवून आनलाय."

कारकून हबकला. म्हणाला, "अहो, मी तुम्हाला म्हटलं होतं, तुम्ही या."

"व्हय, तेच की. आलोत ना आमी."

"तसं नाही. तुम्ही म्हणजे तुम्ही एकट्या."

 पोरीची चुलती इथेच नगरला, स्टेशनजवळ राहत होती. तिला फक्त 'ये' म्हटलं असतं तर ती रात्री तिथे झोपली असती आणि सकाळी दहालाच खिडकीसमोर उभी असती. शेवटी कारकुनाने हात टेकले. "अगं, तुम्ही म्हणजे तूच."

"मंग तू म्हनायचं," ती म्हणाली.

सिस्टर, मी जन्मभर मराठी बोलले, वाचलं, तुमच्या शाळेत दोन भाषांत बक्षिसं घेतली. तुम्ही म्हणजे पुष्कळ जण, ही साधी गोष्ट त्या क्षणापर्यंत मला कधी खटकली नव्हती. त्या पोरीला सोळा वर्षांत कोणी एकटीला तुम्ही म्हटलंच नव्हतं. मास्तर तू म्हणत, तलाठी तू म्हणे, एस.टी.चा कंडक्टर 'ए' म्हणे. तिने खिडकीतून 'तुम्ही' ऐकलं आणि तिला बरोबर जो अर्थ लागायला हवा तोच लागला. आत्ताच विचारलं होतं ना, बरोबर कोण आलंय? मग या, दोघं या. त्यात तिची चूक शोधून काढायला माणूस फारच शिकलेला लागतो.

मी तिला विचारलं, अकराच्या आत पोचणार नाही हे तुला कळलं नाही का? तेव्हा रागाने माझ्याही तोंडून 'तू' गेलं. ती म्हणाली, "कळलं की. पन एकलीच आले असते तं तुमी परत पाठिवलं असतं." बरोबर होतं. पाठवलंच असतं. एक कागद कमी असला तर पाठवणारी आम्ही माणसं, अख्खा बाप कमी असल्यावर का ठेवून घेऊ? बाप शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याला काय झालंय ते हळूहळू लक्षात आलं. मला वाटलं आता हा ओरडेल, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं. पण तो पोरीकडे वळला आणि म्हणाला, "तुला? तुला एकलीला तुमी म्हन्ले ते?" मग कारकुनाकडे बघून, "मला बी हापिसात कुनी म्हन्लं न्हाई अजून." आणि तो चक्क हसला, टॉवेलने तोंड पुसत. जागा गेली होती आणि तो माणूस हसत होता. मला संताप कोणाचा यावा हेच कळेना.

प्राचार्यांकडे मी तशीच गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, जागा एक वाढवून मागता येईल, पण बोर्डाकडे कारण द्यावं लागेल. मुलगी वेळेत आली नाही हे कारण चालणार नाही. आमच्या कार्यालयाच्या बोलण्यामुळे तिचा गैरसमज झाला, चूक आमची, असं म्हणावं लागेल. आणि ते मी कसं म्हणू? बोलायचं कसं हे सिस्टरांनी ठरवून दिलंय. त्या जर म्हणाल्या की माझं शिकवणं इथे चुकलं, तर मी आत्ता फोन उचलतो. म्हणजे त्या पोरीचं शास्त्र, तिचं पाणी, सगळं तुमच्या एका शब्दावर येऊन थांबलं. मी खूश झाले. मला वाटलं, झालंच काम.

संध्याकाळ व्हायची होती. तुम्ही कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात शिळ्या पावाच्या कडा कापत बसला होतात, वाळवून चुरा करायला. त्याच ओट्यासमोर स्टूल ओढून मी बसले. तुम्ही मला काळी कॉफी दिलीत. मी सांगत गेले, तुम्ही कापत गेलात. बाप हसला ते मी सांगितलं तेव्हा तेवढी तुमची सुरी थांबली. मग मी म्हटलं, सिस्टर, प्राचार्यांना एक फोन करा. चूक झाली एवढंच म्हणा.

"मी असे म्हणू शकत नाही," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं तुम्हाला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, इंग्रजीतही सांगितलं. तुम्ही मराठीतच उत्तर दिलंत, तुमच्या त्या पुस्तकी, धुऊन इस्त्री केलेल्या मराठीत. मी जर म्हटले की 'तुम्ही' म्हणणे चूक, तर उद्यापासून तुमची माणसे पुन्हा 'ए' म्हणतील, आणि माझे नाव सांगून म्हणतील. तिच्यामागे शंभर मुली येणार आहेत. वडील हसले ना? मग. त्यांना ते मिळाले आहे, ते मी परत घेणार नाही.

"पण जागा गेली, सिस्टर."

"जागेसाठी मी प्रार्थना करीन."

प्रार्थना. तुमच्या त्या वाक्यावर मी कॉफीचा कप अर्धा ठेवून उठले. दारातून तुम्हाला काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, देवाशी बोलताना त्याला तू म्हणता ना, सिस्टर? मग त्यालाच विचारा, त्या पोरीला तू म्हटलं असतं तर तिचा काय अपमान झाला असता. तुम्ही मान वर केली नाहीत. पावाच्या कडा कापत राहिलात. मला आजही वाटतं की त्या क्षणी तुमच्यासमोर एक मुलगी नव्हतीच, एक नियम होता. शंभर मुलींवर प्रेम करणं सोपं असतं, त्या अजून आलेल्या नसतात. आलेली एक होती. ती त्या वेळी कॉलेजच्या पायरीवर बापाशेजारी बसून भेळ खात होती.

तिला मानवतेच्या दृष्टीने कला शाखेत जागा मिळाली. 'मानवतेच्या दृष्टीने' हे शब्द टिपणीत मीच लिहिले आणि लिहिताना माझे दात करकरले. ती दोन वर्षं वसतिगृहात राहिली, माझ्या खिडकीवरून जाताना नमस्कार करायची. एकदा मी तिला विचारलं, काय शिकतेस? "इतिहास," म्हणाली, "राजाराजांच्या लढाया." आणि मग माझी समजूत काढावी तसं, "पन बारवा कुनी बांदल्या ते बी हाय त्यात, मॅडम." बारावी झाली आणि ती गेली. ती आज कुठे आहे मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग करून तुम्हाला बरं वाटू देणार नाही.

नियम तुम्ही बदललात, हे मान्य. दुसऱ्याच आठवड्यात काठी टेकत आलात आणि सांगितलंत, यापुढे म्हणावे, तुम्ही एकट्या यावे. त्याचं काय झालं ते कोणी तुम्हाला सांगितलं नसेल, मीही सांगितलं नाही. आमच्या कारकुनाने कोपरगावच्या एका मुलीला आरशात बघून, गोड हसून सांगितलं, "तुम्ही उद्या एकट्याच या." दुसऱ्या दिवशी तिची आई आली, हातात छत्री. ती छत्री तिने जाळीच्या फटीतून जेवढी आत जाते तेवढी घातली आणि विचारलं, "कोण तो, माझ्या पोरीला एकटीला बोलावणारा?" कारकून टेबलाखाली. एरवी मी महिनाभर हसले असते. तुमच्यावर इतकी चिडलेली होते की तुम्हाला हसवायलाही आले नाही. त्यानंतर आम्ही आमचाच मार्ग काढला. 'तुम्ही' म्हणायचं, आणि सांगून झाल्यावर समोरच्यालाच विचारायचं, उद्या कोण कोण येणार, काय काय आणणार, मला सांगा बघू. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. निवृत्त होईपर्यंत मी तेच करवून घेतलं. तेवढं जर तुम्ही ग्रंथालयातल्या त्या दुपारी शिकवलं असतंत. तुम्ही आम्हाला बोलायला शिकवलंत, सिस्टर. पोचलं का, हे विचारायला शिकवलं नाहीत. काचेच्या खोलीतल्या त्या छापील कागदावरही ते नाही, आणि मी तो सगळा वाचला.

आपलं बोलणं मग कमीच झालं. नाताळला केक यायचा, मी दिवाळीला चिवडा पाठवायची. त्या दशकाच्या शेवटी तुम्ही मिशनच्या दवाखान्यात होतात, तेव्हा मी दुपारची येऊन बसायची. तुमची सेवा करायला एक आयाबाई होती, शेवगावकडची, दणकट. तिला सिस्टर म्हणजे काय, मुख्याध्यापिका म्हणजे काय, कशाचं काही नव्हतं. माझ्यासमोर ती तुमच्या पाठीखाली हात घालते आणि म्हणते, "माय, कूस बदल बरं. दुखतं का तुला? टाक माज्या खांद्यावर हात, लाजती कशाला." मी ताडकन उठले. म्हटलं, अहो बाई, सिस्टर आहेत त्या, तुम्ही म्हणा. आणि तुम्ही, सिस्टर, चादरीवरचा हात थोडा उचललात, मला गप्प करायला. "तिला बोलू द्यावे," म्हणालात. मग बऱ्याच वेळाने, तोंड भिंतीकडे, "मला असे कोणी म्हणत नाही."

आयाबाई भांडं घेऊन बाहेर गेली. तुम्ही डोळे मिटले होते, मला वाटलं झोपलात. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "ती मुलगी. तिला कोणी 'ये' म्हटले असते तर ती आली असती ना?" इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, हो, सिस्टर, दहा वाजताच आली असती. मी वाट बघत बसले. एक वाक्य हवं होतं मला, फार मोठं नाही. तुम्ही काही बोलला नाहीत. त्यानंतर मी दोनदा आले, तेव्हा तुम्ही माणसं ओळखत नव्हतात.

त्या दुपारी तुमचा हात चादरीबाहेर राहिला होता. मी तो आत घेतला तेव्हा माझ्या जिभेच्या टोकाशी 'झोप आता' असं आलं होतं, 'झोप आता तू'. आईला म्हणतात तसं. मी म्हटलं, "तुम्ही आराम करा." आयाबाईचा राग मला का आला होता ते मी तेव्हा स्वतःला शिस्त म्हणून सांगितलं. शिस्त नव्हती ती. तिला जे येत होतं ते मला येत नव्हतं.

तुमचा आरसा माझ्याकडे आहे, खिडकी पाडली तेव्हा मी तो मागून घेतला. हे पत्र त्याच्या मागे ठेवणार आहे, पाठवायला पत्ता नाही. घरात आत्ता कोणी नाही, म्हणून एकदा लिहून बघते. सिस्टर, तू चुकलीस.

लिहिलं. आणि लगेच मान वर करून दाराकडे पाहिलं, तुम्ही ऐकलंत की काय म्हणून.